चिमटीएवढी बातमी

“भाऊ, एक छोटीशी बातमी हाय.”

एवढं म्हणताना सर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जवळ आणायचे आणि मध्ये चिमूटभर मीठ मावेल एवढीच फट ठेवायचे. फोनवर असले तरी ठेवायचे. समोरच्याला दिसो न दिसो, बोटं आपोआप जुळायची. मग त्या चिमटीतून जी बातमी निघायची ती चांगली दोन पानी. सोबत फोटोंची रांग, आणि प्रत्येक फोटोत मधोमध सर.

असा एखादा नग तुमच्याही तालुक्यात असेल. नसेल तर तुम्ही नशीबवान आहात, सुखाने जेवत असाल. मी डोणगावात स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि जिल्ह्याच्या एका पेपरला बातम्या पाठवतो. आमचं म्हणजे असं, की बातमी आली तर ‘पेपरात आलं’ आणि नाही आली तर ‘यानं दाबली’. सर इथून जवळच्याच एका वस्तीवर शिक्षक होते. सरकारी शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक कडुलिंब आणि बोटांवर मोजता येतील एवढी पोरं. पण पेपर वाचणाऱ्याला वाटावं की तिथे विद्यापीठच भरतं.

दिवेलागणीला फोन वाजला की माझी बायको आतूनच ओरडायची, “घ्या, तुमचे छोटीशी बातमी आले!”

बातमी ते स्वतःच लिहायचे आणि शुद्ध पुस्तकी भाषेत लिहायचे. ‘उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय, तंत्रस्नेही, हरहुन्नरी शिक्षक’ एवढे बैल जुंपल्यावर मग कुठे मागून त्यांच्या नावाची गाडी यायची. मी एखादं विशेषण छाटलं की दुसऱ्या दिवशी हजर.

“भाऊ, हरहुन्नरी काऊन काढलं?”

“सर, जागा नव्हती.”

“मंग उपक्रमशील काढाचं होतं ना. उपक्रमशील तं सारेच लावतात.”

 शाळेत खिळ्याला एक निळा कोट टांगलेला असायचा. एप्रिलात आमच्याकडे डांबर चपलेला चिकटतं, पण फोटोची वेळ झाली की सर तो कोट चढवायचे, खिशातून कंगवा काढून भांग नीट करायचे आणि घामाने निथळत उभे राहायचे. पोरंसुद्धा हुशार झाली होती. सरांचा हात खिळ्याकडे गेला की शेंबूड पुसून रांगेत.

तान्ह्या पोळ्याला मात्र माझं डोकं फिरलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान लेकरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात, तो सण. त्याचा फोटो आला. लाकडी बैल सरांच्या हातात, सर कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, आणि ज्या पोरीचा तो बैल तिचा नुसता एक कान आणि रिबिनीचं टोक कडेला दिसतंय. वैष्णवी नाव तिचं, तिसरीतली. बातमीत नाव होतं, फोटोत कान होता. सर दुकानात आले तेव्हा मी गिऱ्हाइकासमोरच सुरू झालो.

“सर, पोळा लेकरांचा का तुमचा? बैल तिचा, सजवला तिनं, आणि मिरवून राह्यले तुम्ही! लाज-बीज काही?”

गिऱ्हाईक गालात हसलं. सर शांतपणे कागदांचा गठ्ठा बाजूला सारून स्टुलावर बसले.

“भाऊ, रागावू नका. आमची शाळा बंद पडून राह्यली.”

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. वरून आलं होतं, की कमी पोरांच्या शाळा बंद करायच्या आणि ती पोरं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. जवळची म्हणजे ट्रकच्या मोठ्या रस्त्यापलीकडची. त्या रस्त्यावर गाड्या कशा पळतात ते मला ठाऊक आहे. मोठ्या माणसाला ओलांडताना देव आठवतो.

“पोरांले धाडतील एखाद्या वक्ती,” सर म्हणाले, “पण पोरीले कोण धाडते? माय सकाऊन मजुरीले जाते. पोरगी घरी बसली का बसली, मंग ती शाळेत पुन्हा येत नाही. म्या पाह्यलं हाय.”

“मग त्याचा आणि तुमच्या फोटोचा काय संबंध?”

“ज्याचं नाव रोज पेपरात हाय त्याच्या दाराले कुलूप लावाले सायबाचा हात धजत नाही. शाळा एवढी गाजली पाह्यजे भाऊ, का बंद करतो म्हणणाऱ्याचीच बोंब झाली पाह्यजे.”

“तर शाळा गाजवा ना. तुम्ही कशाला मध्ये तडमडता?”

“पयले लेकरांचेच फोटो धाडले म्या. तुमच्याच हापिसातून फोन आला. म्हणे, मास्तर, लेकरांचा घोळका कोण पाहते? एखादा चेहरा द्या.” सरांनी माझ्या काउंटरच्या काचेत पाहून भांग सारखा केला. “मंग म्या चेहरा देला.”

माझा राग काही उतरला नाही. फक्त तो नेमका कोणावर काढावा ते कळेना.

तरी मी पटकन विश्वास ठेवणारा नव्हे. थोड्या दिवसांनी त्यांनी ‘भाकरी दिन’ पाठवला. जगात कशाकशाचे दिन असतात ते सरांना पाठ होते, आणि ज्या दिवशी कुठलाच दिन नसे त्या दिवशी ते स्वतःचा काढत. म्हटलं, आज रंगेहाथ पकडायचं. गाडी काढली आणि न सांगता शाळेवर गेलो. पाहतो तर काय, प्रत्येक पोरानं घरून भाकरी आणलेली. ज्वारीची, कोणाची मोठी, कोणाची वाकडी, एकीची करपलेली. पोरं सुतळीनं भाकरीचा काठ मोजत होती, मधून आडवी सुतळी धरून पुन्हा मोजत होती आणि फळ्यावर मांडत होती. वैष्णवी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “काका, भाकर लहानी असो का मोठी, आडव्या सुतळीच्या तिप्पटच काठ भरते. वरून थोडीशीक अजून.” आणि तिनं ‘थोडीशीक’ दाखवायला अंगठा आणि बोट जवळ आणलं. अगदी सरांसारखं.

मला वर्तुळाचा परीघ दहावीपर्यंत कळला नव्हता. त्या दिवशी मी स्वतः बातमी लिहिली आणि फोटोत पोरं मधोमध घेतली. पेपरात काय आलं? बातमी आली, फोटोतली पोरं कापली, आणि कडेला कोट घालून उभे असलेले सर तेवढे मोठे करून टाकले. मी ऑफिसला फोन लावला तर तिकडून म्हणतात, “अहो, ओळखीचा चेहरा आहे, वाचक थांबतो.”

म्हणजे बघा. आधी आपणच माणसाला चेहरा बनवायचं आणि मग म्हणायचं, काय मेला सारखा पुढे पुढे करतो!

आणि म्हणत होतेच की सगळे. त्यांच्याच पेशातले बाकीचे शिक्षक सगळ्यात पुढे. स्टँडवर चहाच्या टपरीवर हाक यायची, “काय बे पेपरवाले मास्तर, आज कोणता दिन? दाढी दिन का?” मग हशा. हसणाऱ्यांत एक जण असा होता की त्याच्या शाळेत पोरांना पाढे येत नव्हते. आणि ज्यांच्या वाढदिवसाला आमच्या चौकात विजेचा खांब दिसेनासा होईल एवढे फलक लागतात, हात जोडलेले, गॉगल लावलेले, तेसुद्धा सरांना म्हणायचे, “मास्तरला प्रसिद्धीची फार हाव!” मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटायचा. तुमचं ते कार्य आणि त्याची ती हाव?

सर मात्र चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, “हासू द्या भाऊ. हासाले का होईना, शाळेचं नाव तं घेतात.”

खोटं बोलत नव्हते असं नाही. एकदा वस्तीवर एक म्हातारे वारले. आमच्याकडे स्मशानात चार शब्द बोलायची पद्धत आहे. सरपंच बोलले, पाहुण्यांपैकी कोणी बोललं, आणि सर पुढे झाले. “आबांची आपल्या शाळेवर फार माया होती,” म्हणाले. “शाळा टिकली पाह्यजे, हीच त्यांची शेवटची इच्छा होती.” मी तिथेच उभा होतो. आबांचा थोरला माझ्या कानाशी लागून पुटपुटला, “आमचा बाप तं अंगठेबहाद्दर होता हो. शाळेच्या लिंबाले बकऱ्या बांधाचा, अन् या मास्तरनंच हाकललं होतं त्याले.” मला हसू आवरेना आणि स्मशानात हसताही येईना. पण तेराव्याच्या आत त्याच थोरल्यानं शाळेला पाण्याची टाकी दिली, वर बापाचं नाव घालून. लगेच फोन. “भाऊ, एक छोटीशी बातमी हाय.” टाकी, थोरला, आणि मधोमध सर.

असं करत करत सरांचं नाव खरंच झालं. तालुक्याला गेले तर साहेब लोक खुर्ची द्यायला लागले. शाळा बंद करायच्या गप्पा एक-दोनदा उठल्या आणि विरल्या. सरांना वाटलं, जमलं. आता फक्त पुरस्कार पाहिजे. आदर्श शिक्षकाच्या शाळेला कोण हात लावतो?

आता आपल्याकडची आदर्श ठरायची रीत तुम्हाला माहीत आहे ना? आधी आपणच अर्ज करायचा, की मी आदर्श आहे. सोबत पेपरातली कात्रणं जोडायची. जेवढं कात्रण जाड तेवढा माणूस आदर्श. ज्यानं गपगुमान शिकवलं आणि कोणाला सांगितलं नाही त्याला आयुष्यभर कोणी विचारत नाही, आणि ज्यानं सांगितलं त्याला हावरट म्हणायचं. दोन्हीकडून मारायचा. सरांची कात्रणं माझ्याच मशीनवर निघाली. मशीन तापून बंद पडलं तेव्हा ते हातातल्या वहीनं त्याला वारा घालत बसले होते.

पुरस्कार मिळाला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर दुकानात आले आणि झेरॉक्स मशीनसमोर उभं राहून त्यांनी भाषण म्हणून दाखवलं. दोनच मिनिटांचं. त्यात स्वतःबद्दल एक अक्षर नव्हतं. रस्ता होता, पोरी होत्या, आणि शेवटी एवढंच, की साहेब, मला शाल नको, आमच्या शाळेला हात लावणार नाही एवढा शब्द द्या.

“जिल्ह्याचे मोठे सायेब समोर बसून राह्यतील,” ते म्हणाले. “साऱ्या तालुक्यापुढं शब्द देला का मंग फिरवता येत नाही त्याहिले.”

सभागृह भरलं होतं. सरांचं नाव पुकारलं, निळा कोट मंचावर गेला, शाल पडली, नारळ हातात आला. सर माइककडे वळले तर सूत्रसंचालकानं माइक हातानं झाकला. “वेळेअभावी सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करू नये, ही विनंती.” सत्काराचा माणूस बोलणार नाही आणि पाहुणे तास-तास बोलणार! सर तिथेच साहेबांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी घाईघाईनं सांगायला लागले. फोटोवाला ओरडत होता, “सर, इकडं पाहा, इकडं!” जन्मात पहिल्यांदा सरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी मान डोलावली, हसले आणि स्वतः माइक घेतला. म्हणाले, “हे आत्ता मला सांगतायत की यांच्या शाळेत मोजकीच मुलं आहेत. एवढा नावाजलेला शिक्षक एका वस्तीवर मोजक्या मुलांत अडकून पडतो, ही आपली चूक आहे. ती मी आज दुरुस्त करतो. यांना मी दुसऱ्या तालुक्यातल्या मोठ्या शाळेवर घेतो, आणि वस्तीवरची मुलंही जवळच्या मोठ्या शाळेत जातील.”

टाळ्यांचा कडकडाट. सर हात हलवत म्हणत होते, “मले नाही सायेब, शाळेले... शाळेले...” माइक बंद होता. मागच्या रांगांना वाटलं, सर आभार मानतायत.

मी खुर्चीवरून उठलो तेव्हा माझे कान तापले होते. ज्या नावाचं कुंपण त्यांनी शाळेभोवती घातलं, ते नाव तेवढं उचललं आणि शाळा उघडी पाडली. हुशार शिक्षक मोजक्या पोरांवर वाया जातो म्हणे! का हो, मोजकी पोरं माणसांची नव्हती का?

सरांनी अर्ज केले, तालुक्याच्या खेपा घातल्या, पण आता खुर्ची देणारेच म्हणायला लागले, “सर, तुमचं तर सोनं झालं, कशाला भानगडीत पडता?” आणि एक दिवस टेम्पो आला. बाकं भरली, फळा भरला, कपाट भरलं. मी गाडी घेऊन गेलो होतो. आयाबाया कडुलिंबाखाली उभ्या होत्या. वैष्णवीची माय पुढे आली. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सरांसमोर उभी राहिली.

“तुमचं भलं झालं, सर. पण आमचं काय? त्या ट्रकाच्या रस्त्यानं धाडू का मी हिले?”

 मला राहवेना. मी म्हणालो, “बाई, या माणसानं तुमच्यासाठीच...”

सरांनी माझा हात दाबला. “राहू द्या भाऊ. पेपरात तं तसंच आलं हाय ना. साऱ्या फोटोत मीच हाय.”

त्याच दुपारी तालुक्याला शिक्षक मंडळींनी सरांचा सत्कार ठेवला होता, मोठ्या शाळेवर गेल्याबद्दल. टपरीवर हसणारे सगळे हार घेऊन हजर. जाण्याआधी सर माझ्या दुकानात आले आणि त्यांनी एक कागद दिला. पहिल्यांदाच एकच पान. एकही विशेषण नाही, त्यांचं नाव नाही. वस्तीवरची शाळा बंद झाली, पोरी घरी बसणार, त्यांची नावं अशी. सोबत एक फोटो, शाळेच्या कुलपापुढे वैष्णवी मधोमध, पूर्ण चेहरा. मी एक अक्षर न छाटता तस्सं पाठवलं आणि ऑफिसला फोन करून बजावलं, की हे मोठं लावा, नाहीतर माझं नाव उद्यापासून काढून टाका.

माझं नाव काढून टाकायला कोणाला फुरसत होती? काहीच झालं नाही. मी अजून तिथंच आहे, बातम्या पाठवतो, शिव्या घालतो. सर आता दुसऱ्या तालुक्यात आहेत, दुमजली इमारत, भरपूर पोरं. तिथले मुख्याध्यापक फोटोत मधोमध असतात. दिवेलागणीला फोन वाजत नाही, आणि खरं सांगतो, बायकोसुद्धा घड्याळाकडे बघते. वैष्णवी मला बीबी गावाच्या रस्त्याला दिसते कधी कधी, बकऱ्यांमागे. मी थांबलो तर ती तोंड फिरवते. तिचं बरोबर आहे. तिच्या लेखी मीही पेपरवालाच.

सर शेवटचे दुकानात आले ते सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. काउंटरवर पेपर उघडाच होता आणि मी लाजेनं तो लपवायच्या आत त्यांनी पाहिला. वर अर्ध्या पानाचा फोटो, हारांत बुडालेले सर, ‘उपक्रमशील, हरहुन्नरी शिक्षकाचा गौरव’. सगळी विशेषणं जागच्या जागी. खाली कोपऱ्यात, खताच्या जाहिरातीशेजारी, ‘वस्तीवरील शाळेचे समायोजन’, म्हणजे सरकारी भाषेत शाळा बंद. फोटो नाही. पोरींची नावं नाहीत.

“सर, मी सांगितलं होतं त्यांना,” मी म्हणालो. “भडवे साले...”

सरांनी मला थांबवलं. वरच्या फोटोकडे त्यांनी पाहिलंही नाही. कंगवा खिशातच राहिला. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट जवळ आणलं, पेपरावर टेकवलं आणि ती खालची बातमी मोजली. चिमटीत बरोबर मावली.

“पाहा भाऊ,” ते म्हणाले, “आज खरंच छोटीशी हाय.”